गाळ बसला का? भात लावणी यंत्राच्या प्रकल्प नोंदी, मुरबाड

९ मे

या खरिपात आमच्या शेतकरी गटातली निवडक खाचरं यंत्राने लावायची, हे आज सभेत ठरलं. यंत्र दुसऱ्या एका गटाकडून भाड्याने येणार आहे. बसून चालवायचं, सहा ओळींचं, जलद जातीचं. मी यंत्राची माहिती सांगायला सुरुवात केलीच नाही. आधी सगळ्यांना विचारलं, मनात काय खटकतंय ते बोला, मी लिहून घेतो.

सगळ्यात जास्त जणांनी एकच बोलून दाखवलं: मशीन एवढं पळतं, मग रोप धड रोवेल का? त्याच्या मागोमाग, राब (पालापाचोळा जाळून तयार केलेली रोपाची जागा) न भाजता रोप येतं का कुठे. बोटभर रोप आपल्या पावसात टिकेल का. खाचर पाच गुंठ्यांचं, बांध मांडीएवढा, मशीन उतरवायचं कुठून. चारसूत्री करतो (जोडओळीत लावणी, चुडांच्या मध्ये खताची गोळी), त्या गोळ्यांचं काय. शेवटी मागे बसलेल्या एका काकींनी विचारलं, "आणि आवणीला येणाऱ्या आम्ही बाया, आमचं काय?" आवणी म्हणजे हाताने भात लावणं. त्यावर कोणी काही बोललं नाही. वहीत तो प्रश्न सगळ्यांत वर घेतला आहे.

यंत्राची गरज का पडली, यावर मात्र वाद नाही. पाऊस लागला की चिखलणी सगळ्यांची एकाच आठवड्यात येते. पोरं भिवंडीच्या गोदामांत आणि मुरबाडच्या एमआयडीसीत. मजुरांची वाट बघण्यात रोप आवणातच, म्हणजे रोपवाटिकेतच, म्हातारं होतं. महिना उलटलेलं रोप लावलं की फुटवे कमी धरतं, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे.

१३ मे

यंत्रासाठी रोप प्लास्टिकवर मातीच्या पातळ थरात, चटईसारखं वाढवायचं, म्हणून राबावर सकाळभर चर्चा. गटातल्या सगळ्यात वयस्कर बाबांचं म्हणणं साफ आहे: "भाजलेल्या राबाचं रोप काळंभोर निघतं. तुमच्या प्लास्टिकवरचं पिवळं निघेल."

त्यांचं म्हणणं मी हलकं घेत नाही. शेण, पालापाचोळा, ऐनाच्या फांद्या, पेंढा, वर मातीचा थर देऊन भाजलं की तणाचं बी मरतं, राखेतून खत मिळतं आणि जमीन भुसभुशीत होते, म्हणून रोप उपटताना मूळ तुटत नाही. राब ही तीन कामं करतो. चटई रोपवाटिकेत तीच कामं वेगळ्या वाटेने करायची आहेत. माती वरचा थर बाजूला सारून खालून घ्यायची आणि चाळायची, म्हणजे तणाचं बी कमी येतं. चाळलेलं जुनं शेणखत मिसळायचं. रोप जेमतेम अडीच आठवडेच तिथे राहतं, तेवढ्याला ते पुरतं. आणि उपटायचं तर नाहीच, चटईसकट उचलायचं.

बाबांनी अर्ध्या क्षेत्राला राब ठेवायचा, अर्ध्याला चटई करायची, असं ठरलं. दोन्ही रोपं शेजारी शेजारी दिसली तर माझ्या बोलण्यापेक्षा जास्त उपयोग होईल. माझ्यापुरतं सांगायचं तर दरवर्षी राबासाठी ऐन बोडके होताना बघवत नाहीत. ते थांबलं तर यंत्राचं भाडं त्यातच वसूल झालं, असं मी धरीन.

२१ मे

डोंबिवलीला नोकरी करणारा एक मुलगा सुट्टीला आलाय. त्याने मोबाइलवर अमेरिकेतल्या मक्याच्या पेरणी यंत्राचा व्हिडिओ सगळ्यांना दाखवला. ताशी १६ किलोमीटर वेगाने पेरत जाणारं. आता सगळ्यांना वाटतंय की आपलं यंत्रही तसंच सुसाट येणार.

दोन्हींतला फरक समजावून सांगितला. तिकडे कोरडी जमीन आणि सुटं बी. साध्या पेरणी यंत्रात बी नळीतून खाली पडतं. वेग वाढला की ते नळीत आपटतं, सरीत उड्या मारतं आणि दोन दाण्यांमधलं अंतर बिघडतं. म्हणून तिकडच्या जलद यंत्रांत बी वरून सोडत नाहीत. पट्ट्यावर धरून थेट सरीपर्यंत नेतात आणि यंत्र पुढे जातं त्याच वेगाने मागे सोडतात. जमिनीच्या हिशोबाने बी जागच्या जागी पडतं.

आपल्याकडे बी नाही, रोप आहे, आणि चिखल आहे. जुन्या लावणी यंत्रात प्रत्येक ओळीला रोप रोवणारा एकच पंजा असतो, तो खालीवर हलतो. वेग वाढवला की सगळं यंत्र थरथरतं. जलद यंत्रात फिरत्या डब्याला समोरासमोर दोन पंजे असतात. डब्याच्या एका फेरीत दोन रोपं रोवली जातात, त्यामुळे डबा सावकाश फिरला तरी काम दुप्पट होतं. म्हणजे यंत्र जोरात हिसके देऊन पळत नाही. कागदावर चित्र काढून दाखवल्यावर एकाने विचारलं, "म्हणजे दोन बाया आळीपाळीने रोवतात तसं?" हो, तसंच.

पण पंजा कितीही चांगला असला तरी रोप घट्ट धरून ठेवायचं काम गाळाचं. हे आज सांगितलं, पण फारसं कोणाच्या डोक्यात शिरलेलं दिसलं नाही. प्रत्यक्ष चिखलातच दाखवावं लागेल.

२९ मे

खाचरं फिरून पाहिली. सोबत टेप आणि एक लांब काठी.

वगळलेली: ज्यांत पाय गुडघ्यापर्यंत जातो ती. यंत्राचं वजन पाच-सहाशे किलोंच्या घरात. चाकांना खालचा घट्ट तळ लागला पाहिजे, नाहीतर ते रुतून बसेल आणि काढायला दुसरा ट्रॅक्टर लागेल. नदीच्या अंगाची दोन खाचरं अशी आहेत. मालक नाराज झाले, पण इथे भीड ठेवून चालणार नाही.

वगळलेली: ओढ्याच्या वरची अगदी चिंचोळी, वाकडी पायऱ्यांची खाचरं. वळायलाच जागा नाही.

घेतलेली: रस्त्यालगतची सलग ओळ. त्यांत उतरायला बांधावर माती टाकून तिरका उतार करायचा, लावणी झाली की बांध परत बांधायचा. एका ठिकाणी यंत्राला शेजाऱ्याच्या खाचरातून जावं लागणार. तो शेजारी गटात नाही आणि भाऊबंदकीचा जुना वादही आहे. गटाचे अध्यक्ष स्वतः त्याच्याकडे जाऊन बसणार आहेत. त्याने आधी आपल्या खाचरात चिखलणी केली तर वाट बंद, म्हणून ही बोलणी रोहिणीत उरकलेली बरी.

वेगाचा हिशोब आज बांधावरच मांडून दाखवला. एक सरासरी खाचर ३६ मीटर लांब, १४ मीटर रुंद, म्हणजे पाच गुंठे. सहा ओळी, ओळींत ३० सेंमी, एका खेपेत १.८ मीटर पट्टा. आठ खेपा होतात. सेकंदाला एक मीटर या बेताच्या चालीने गेलं तरी नुसत्या लावणीला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत. वेग दुप्पट केला तर सव्वादोन-अडीच मिनिटं वाचतील. चटया चढवायला, वळायला, एका खाचरातून दुसऱ्यात जायला त्याच्या कितीतरी पट वेळ जातो. तेव्हा आपल्या खाचरात सुसाट जाण्यात काहीच कमाई नाही. चालकाला सावकाश चालवायला सांगायचं आणि बांधावर चटया तयार ठेवायच्या. मघाशी वेगाला घाबरणारेच हा हिशोब ऐकून म्हणाले, मग जलद यंत्र घेतलं कशाला? भाड्याने तेच मिळतंय म्हणून, आणि सावकाश चालवलं की त्याची रोवणी सुबक होते म्हणून.

६ जून

बियाणं कर्जत-३, हळवं, म्हणजे लवकर तयार होणारं. दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ, म्हणजे ३ टक्क्यांचं द्रावण. त्यात बी टाकून तरंगलेलं पोचट काढून टाकलं, खाली बसलेलं दोन-तीनदा साध्या पाण्याने धुतलं. मग दिवसभर भिजत, पुढे ओल्या गोणपाटात. कोंब नुसता डोकावला पाहिजे. लांब झाला तर पसरताना मोडतो.

किती बी टाकायचं यावर वहिनींशी बराच खल झाला. त्यांचा हात फेकपेरणीचा, विरळ टाकायची सवय. चटईला ते चालत नाही. पंजा चटईतून साधारण १.४ सेंमी रुंद आणि १.२ सेंमी लांबीचा तुकडा तोडतो, नखाएवढाच. त्या नखाएवढ्या जागेत तीन-चार रोपं हवीत. जागा रिकामी असली तर पंजा रिकामाच जातो आणि शेतात तिथे खाडा पडतो. म्हणजे शेतात दिसणारे बहुतेक खाडे खरं तर इथे, बी पसरताना पडतात. ट्रे २८ बाय ५८ सेंमीचा. हजार दाण्यांचं वजन २५ ग्रॅम धरलं तर १०० ग्रॅम बियाण्यात चार हजार दाणे, आणि तेवढे या जागेला बरोबर पुरतात. एकरी साधारण शंभर ट्रे, म्हणजे बियाणं दहा किलो. नेहमीच्या पद्धतीत याच्या दुप्पट जातं.

वहिनींनी घरातला चहाचा एक कप वजन करून ठरवला आणि मग प्रत्येक ट्रेला तोच कप.

९ जून

काल मृग निघालं. पसरणी पुरी झाली. ट्रे कमी पडले म्हणून उरलेलं ताडपत्रीवर, दोन सेंमी उंचीच्या लाकडी चौकटीत. वर पातळ माती, झारीने पाणी, त्यावर पेंढा. पेंढा विसरून चालणार नाही. आपल्याकडचा पावसाचा पहिला सरवा बी उघडं करून कोपऱ्यात गोळा करतो.

१५ जून

रात्रभर पाऊस. ताडपत्रीच्या एका कडेला पाणी तुंबलं होतं, चर काढून दिला. त्या कडेची दोन हात रोपं पिवळी पडली आहेत. बाकी एकसारखी हिरवी. पेंढा काढून टाकला.

बाबा सकाळी येऊन बघून गेले. राबाचं रोप अजून तरी जास्त काळंभोर आहे, हे मीही कबूल केलं. त्यांनी चटईचा कोपरा उचलून खालची मुळं पाहिली, पांढरी जाळी झालेली. बराच वेळ बघत राहिले. बोलले काही नाहीत.

२३ जून

रोप १२ ते १४ सेंमी, चार पानांवर येतंय. चटई गुंडाळून उचलून पाहिली, तुटत नाही. उद्यापासून चटयांना पाणी कमी. फार ओली चटई पंजाखाली ओघळते.

खाचरांत आज चिखलणी, लगेच फळी मारून सपाट. यंत्राच्या लावणीत सपाटीला फार किंमत आहे. उंचवट्यावर रोप उघडं पडतं, खळग्यात बुडतं. माणूस हाताने लावताना ते आपोआप सावरून घेतो, यंत्राला ते कळत नाही.

आता गाळ बसू द्यायचा. वरच्या हलक्या खाचरांना एक दिवस पुरेल, खालच्या भारी जमिनीला दोन. सगळ्यांची घाई सुरू झाली आहे, कारण हाताने लावताना चिखलणी आणि लावणी एकाच दिवशी होते. "सकाळी चिखल, दुपारी आवणी, असंच करत आलो," म्हणतात. त्यांना विळ्याच्या टोकाने रेघ मारून दाखवली. ताज्या चिखलात रेघ मारताक्षणी मिटली. असा गाळ असताना यंत्र घातलं तर रोप खोल जातं आणि बाजूच्या ओळीवर चिखलाची लाट चढते. रेघ हळूहळू मिटायला लागली की वेळ झाली. मिटलीच नाही तर गाळ जास्त घट्ट झाला. मग पंजाने पाडलेलं भोक उघडंच राहतं आणि रोप पाण्यावर तरंगतं.

२५ जून

लावणी.

सकाळी पहिल्याच खाचरात रेघ नीट मिटत होती, पण पाणी चार बोटं उभं होतं. रात्रीचा पाऊस. बांधातली मोरी उघडून ते जेमतेम एक-दोन सेंमीवर आणलं, त्यात वेळ गेला आणि बांधावर उभ्या माणसांचा धीर सुटायला लागला. चालकही म्हणाला, होऊन जाईल. होऊ दिलं नाही. जास्त पाण्यात यंत्राच्या तरंड्यापुढे (चिखलावर सरकणाऱ्या तळाच्या भागापुढे) लाट उठते आणि नुकती लावलेली ओळ आडवी होते. वेगाचा दोष खरा दिसतो तो इथे: जितकं जोरात, तितकी लाट मोठी.

पाणी उतरल्यावर यंत्र उतरलं. पहिल्या खेपेनंतर थांबून ओळीने हात घालून पाहिलं. रोप दोन-अडीच सेंमी खोल. ठीक. एका चुडात, म्हणजे एका जागी रोवलेल्या जुडीत, तीन ते पाच काड्या. एका ओळीत मात्र सलग खाडे दिसले. चटई सरकत नव्हती, कडा ट्रेपेक्षा अर्ध्या बोटाने रुंद कापली गेली होती आणि अडकत होती. विळ्याने कड तासली, ओळ सुरळीत झाली. पुढच्या सगळ्या चटया बायांनी फळीला लावून मापात कापल्या. हे काम बसून करायचं, वाकायचं नाही. एका मावशीला ते फार आवडलं.

चारही कोपरे आणि वळणाच्या कडा हातानेच लावाव्या लागतात. हे आधीच सांगितलं होतं, तरी "एवढं राहिलं" म्हणून दोघांनी कुरकुर केली.

दुपारी बाबांच्या खाचरात. यंत्र गेल्यावर ते खाचरात उतरले आणि एकेक चूड बोटाने हलवून पाहिला. म्हणाले, "धरलंय. पण लई लहान आहे रे." तिथेच राबाचं रोप लावायला मजूर परवावर गेलेत.

२६ जून

खाडे भरायला आज सहा बाया होत्या, सगळ्या कातकरवाडीतल्या. काम अर्ध्या दिवसात संपलं. ९ मेच्या काकी त्यात होत्या. त्यांना सरळ विचारलं. म्हणाल्या, "कंबर वाचली, खोटं कशाला बोलू. पण आवणीचे पैसे पोरांच्या वह्या-दप्तराला जातात. अर्ध्या दिवसाचे किती होणार?"

याचं उत्तर माझ्याकडे सोपं नाही, आणि सभेत सोपं करून सांगायचंही नाही. आवणीचे दिवस कमी होणार हे खरं आहे. बी पसरणं, चटया कापणं, वाहणं, खाडे भरणं ही कामं आहेत, पण ती त्या सगळ्या दिवसांची जागा भरत नाहीत. मी गटापुढे दोन गोष्टी ठेवल्या आहेत: पुढच्या वर्षी चटया तयार करायचं काम ट्रेमागे दर ठरवून या बायांच्या बचत गटाला द्यावं, आणि यंत्रामुळे वाचलेल्या मजुरीतून खुरपणीला त्यांनाच आधी बोलवावं. अध्यक्ष पहिल्याला तयार आहेत. दुसऱ्यावर अजून बोलणी चालू आहेत. मी ती सोडणार नाही.

२ जुलै

तीन दिवस झड. खालच्या दोन खाचरांत रोपांचे शेंडेच वर. मोऱ्या मोकळ्या केल्या, संध्याकाळपर्यंत पाणी उतरलं. मधली सपाट खाचरं व्यवस्थित. एका खळग्यात रोप गेलं, तिथे उरलेल्या चटयांमधून परत लावलं. चटया दहा टक्के जास्त कराव्यात, असं वहीत लिहून ठेवलं.

लहान रोपाची भीती रास्तच आहे. रोप तग धरतं, पण पहिले दहा दिवस मोरीवर लक्ष ठेवणारा माणूस हवा. ज्याला शेताकडे फिरकायला रविवारच मिळतो, त्याने आपली खाचरं यंत्राला देऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

४ जुलै

रोपं आता ओढल्यावर हाताला विरोध करतात, म्हणून चारसूत्रीवाल्यांचा प्रश्न आज शेतातच घेतला. डॉ. ना. कृ. सावंत यांच्या पद्धतीत १५-२५ सेंमीची जोडओळ, चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची एक गोळी, सात ते दहा सेंमी खोल. आरला (शंभर चौरस मीटरला) ६२५ गोळ्या. यंत्राच्या ओळी ३० सेंमीवर पक्क्या, त्या बदलत नाहीत, म्हणून दोघे म्हणत होते की आमची चारसूत्री मोडली.

मोजून पाहिलं. चारसूत्रीत चौरस मीटरला २५ चूड बसतात. यंत्रात ओळी ३० सेंमीवर आणि चुडांमध्ये १४ सेंमी ठेवले की जवळजवळ २४. म्हणजे दाटी तीच, फक्त मांडणी निराळी. चालकाला आम्ही १४ वरच लावायला सांगितलं होतं. १८ वर ठेवलं असतं तर १८-१९ चूड बसले असते, आणि हळव्या भाताला फुटवे धरायला वेळ कमी मिळतो, त्याला ते विरळ पडलं असतं. गोळ्यांसाठी एक ओळ सोडून एक अशा गल्ल्या धरायच्या आणि गल्लीत दर दोन चुडांमागे एक गोळी. हिशोबाने आरला ५९५ येतात, ६२५ च्या जवळच. दोघांनीही लगेच एकेक खाचर असं करून घेतलं. सरळ गल्लीत चालायला सोपं जातं, हे त्यांचं त्यांनीच सांगितलं.

१८ जुलै

कोनोवीडर, म्हणजे ओळींमधून ढकलत तण काढायचं अवजार, सरळ ओळीत चांगला चालला. दोन ओळींमधलं तण गाळात दाबलं गेलं, चुडाच्या बुडाशी आलेलं मात्र हातानेच काढावं लागतं. त्या कामाला कातकरवाडीतल्याच बाया बोलावल्या.

बाबांच्या शेतात दोन्ही बाजूंना उभं राहून फुटवे मोजले. चटईच्या बाजूला चुडाला आठ ते अकरा, राबाच्या बाजूला सहा ते आठ. राबाची लावणी मजुरांअभावी उशिरा झाली, त्यामुळे हा फरक सगळा यंत्राचा म्हणता येणार नाही, आणि तसं मी बाबांना सांगितलंही. त्यांनी विचारलं, पुढच्या वर्षी गरवं, म्हणजे उशिरा तयार होणारं भात यंत्राने लावलं तर अंतर किती ठेवायचं. गरव्याला फुटवे फुटायला वेळ मिळतो, तेव्हा १६ ते १८ चालेल, म्हटलं. खालचं भारी खाचर त्यासाठी त्यांनी आताच ठरवून टाकलं आहे. त्याच्या तळाची खोली काठीने उद्या मोजायची, बांधावरचा उतारही तिथे नव्याने करावा लागेल.